चार दिवस खेळूनही बरोबरी झाली तर? गोल्फमधला 'प्लेऑफ' नेमका कसा खेळतात

22 फेब्रुवारी 2015. दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन ओपनचा शेवटचा दिवस. कोलकात्याचा एसएसपी चौरसिया आघाडीवर होता आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी त्याच्यापेक्षा तब्बल सात फटके मागे. गोल्फमध्ये एका दिवसात सात फटके भरून काढणं म्हणजे क्रिकेटमध्ये फॉलोऑन मिळाल्यावर सामना जिंकण्यासारखं. होत नाही असं नाही, पण कोणी त्यावर पैज लावत नाही.

संध्याकाळपर्यंत चौरसियाने 76 फटके घेतले होते, लाहिरीने 69. चार दिवसांची बेरीज केली, तर दोघांचेही 277.

मग दोघांना पुन्हा अठराव्या होलवर नेण्यात आलं. चौरसियाचा पहिलाच फटका झाडीत गेला. लाहिरीने बर्डी केली आणि भारताची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. चार दिवस आणि 72 होल खेळून जे ठरलं नव्हतं, ते पुढच्या एका होलमध्ये ठरलं.

या जादा खेळालाच गोल्फमध्ये 'प्लेऑफ' म्हणतात.

आयपीएलचा प्लेऑफ वेगळा

आपल्याकडे प्लेऑफ म्हटलं की आयपीएलच्या गुणतक्त्यातले पहिले चार संघ आठवतात. गोल्फमधला प्लेऑफ त्यापेक्षा सुपर ओव्हरच्या जवळचा आहे. फरक एवढाच, की तो रोजच्या खेळासारखाच खेळला जातो. तेच मैदान, तेच होल आणि तोच चेंडू.

त्याआधी गोल्फचा हिशेब समजून घ्यायला हवा. व्यावसायिक स्पर्धा साधारणपणे चार दिवस चालते. रोज 18 होल, म्हणजे एकूण 72. चेंडू खड्ड्यात टाकायला ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. प्रत्येक होलसाठी किती फटके अपेक्षित आहेत ते आधीच ठरलेलं असतं, त्याला 'पार' म्हणतात. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल आणि एक जास्त म्हणजे बोगी. समोरासमोर लढत नसते. शे-दीडशे खेळाडू एकाच मैदानाशी झुंजत असतात आणि शेवटी आकडे जुळवले जातात. त्यामुळे दोघा-तिघांचे आकडे सारखे येणं ही नवलाईची गोष्ट नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या जत्रांमधली कुस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बरोबरी ही काय चीज आहे ते सांगायला नको. दोन तगडे मल्ल बराच वेळ खडाखडी करतात, कोणी कोणाला चीत करत नाही. शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात, दोघांचे हात वर करतात आणि इनाम वाटून दिलं जातं. गोल्फमध्येही असंच होतं, पण फक्त दुसऱ्या क्रमांकापासून खाली. समजा तिघे दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत असले, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या बक्षिसांची बेरीज करून तिघांत सारखी वाटली जाते. पहिल्या क्रमांकाला मात्र ही मुभा नाही. करंडक एकाच्याच हातात जायला हवा.

चार मोठ्या स्पर्धा, तीन वेगळे नियम

हा करंडक कोणाच्या हातात जाणार हे ठरवण्याची एकच पद्धत सगळीकडे नाही. पुरुषांच्या गोल्फमध्ये चार स्पर्धा सर्वांत मोठ्या मानल्या जातात, त्यांना 'मेजर' म्हणतात. मास्टर्समध्ये थेट 'सडन डेथ' असते. एक होल खेळा, ज्याचे फटके कमी तो विजेता. पुन्हा बरोबरी झाली, तर पुढचा होल. पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटनमधली द ओपन यांत तीन होल खेळून त्यांची बेरीज करतात. यूएस ओपनमध्ये दोन होलची. या बेरजेतही बरोबरी राहिली, तरच सडन डेथ.

आता मास्टर्सची पद्धत कशी चालते याचं अगदी ताजं उदाहरण. 13 एप्रिल 2025 रोजी रॉरी मॅकलरॉयला मास्टर्स जिंकायला शेवटच्या होलवर जेमतेम पाच फुटांवरून चेंडू खड्ड्यात ढकलायचा होता. तो चुकला आणि जस्टिन रोझशी बरोबरी झाली. दोघं पुन्हा त्याच अठराव्या होलवर आले. रोझने पार केला, मॅकलरॉयने बर्डी. 2014 नंतर 11 वर्षं त्याला एकही मेजर मिळाली नव्हती. त्या एका होलने ती प्रतीक्षा संपवली आणि चारही मेजर जिंकणारा तो सहावा खेळाडू ठरला.

तोच पाच फुटांचा फटका आधी बसला असता, तर प्लेऑफ झालाच नसता. आणि प्लेऑफमध्ये रोझची बर्डी झाली असती, तर मॅकलरॉयच्या वाट्याला कदाचित आणखी एक वर्षाची वाट आली असती. एका होलवर निकाल लावण्याबद्दलची तक्रार हीच आहे. चार दिवसांत कोण सरस होतं, हे एक होल सांगू शकतो का?

पूर्वी अख्खा दिवस जायचा

यूएस ओपनचं उत्तर बरीच वर्षं 'नाही' असं होतं. तिथे बरोबरी झाली, की सोमवारी पुन्हा पूर्ण 18 होल खेळावे लागत. 1931 साली तर प्लेऑफच 36 होलचा होता. बिली बर्क आणि जॉर्ज फॉन एल्म यांची त्यातही बरोबरी झाली, म्हणून त्यांना आणखी 36 होल खेळायला लावले. मूळ स्पर्धा 72 होलची आणि प्लेऑफही 72 होलचा! बर्क जिंकला, तोही एका फटक्याने.

या पद्धतीचा शेवटचा मोठा सोमवार 2008 चा. टायगर वुड्स आणि रॉको मीडिएट यांनी 18 होल खेळले, दोघांचे 71 फटके झाले आणि एकोणिसाव्या होलवर वुड्स जिंकला. त्या वेळी त्याच्या डाव्या पायाच्या हाडाला भेगा होत्या आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला होता. थोड्याच दिवसांत त्याची शस्त्रक्रिया झाली.

न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत बरी, पण सोयीच्या दृष्टीने अवघड. रविवारी मैदान भरून आलेले प्रेक्षक निकाल न पाहताच घरी जात. टीव्हीवरचा सगळ्यात उत्कंठेचा क्षण कामाच्या दिवशी दुपारी येई. 2018 पासून यूएस ओपननेही 18 होलचा प्लेऑफ सोडला. दोन-तीन होलची बेरीज ही मधली वाट आहे. एका वाईट फटक्याने सगळं जात नाही आणि निकालही त्याच संध्याकाळी लागतो.

एका फटक्याने हुकलेले प्लेऑफ

प्लेऑफ हरणं वाईटच. पण प्लेऑफपर्यंतच न पोचणं कधीकधी त्याहून जिव्हारी लागतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं तेच झालं. सुवर्ण नेली कोर्डाने घेतलं. तिच्यामागे जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को बरोबरीत होत्या, त्यामुळे रौप्यासाठी प्लेऑफ झाला. ऑलिंपिकमध्ये इनाम वाटून घेता येत नाही, पदकांचा रंग ठरवावाच लागतो. अदिती त्या दोघींच्या फक्त एक फटका मागे होती. ती चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या कांस्यपदकासाठी सात जण प्लेऑफमध्ये होते.

लाहिरीलाही हा अनुभव आहे. मार्च 2022 मध्ये अमेरिकेतल्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या होलवर बर्डी केली असती, तर कॅमेरॉन स्मिथबरोबर त्याचा प्लेऑफ झाला असता. बर्डी झाली नाही. एका फटक्याने तो दुसरा आला.

रॉबर्टो दे व्हिसेन्झोची गोष्ट सगळ्यांत विचित्र. 1968 च्या मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या 45 व्या वाढदिवशी, या अर्जेंटिनाच्या खेळाडूने बॉब गोल्बीशी बरोबरी साधली होती. गोल्फमध्ये तुमचे आकडे तुमच्याबरोबर खेळणारा लिहितो आणि तुम्ही तपासून सही करता. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले होते, कार्डावर चार लिहिले गेले. त्याने न पाहता सही केली. नियम असा, की सही केलेला जास्तीचा आकडा कायम राहतो. टीव्हीवर लाखो लोकांनी तीन फटके पाहिले होते, पण त्याचा उपयोग नव्हता. प्लेऑफ झालाच नाही, गोल्बी विजेता ठरला.

जिंकणारा आणि हरणारा

दिल्लीतल्या त्या विजयानंतर लाहिरीचं 2015 हे वर्ष बहरलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्याने मलेशियन ओपन जिंकली होती, ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. प्लेऑफ मात्र पुढे त्याच्यावर फारसे मेहेरबान झाले नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये लिव्ह गोल्फच्या बोस्टनजवळच्या स्पर्धेत तिघांचा प्लेऑफ झाला आणि डस्टिन जॉन्सनने पहिल्याच होलवर लांबून ईगल टाकून लाहिरी आणि होआकिन नीमन दोघांनाही बाद केलं. जुलै 2024 मध्ये स्पेनमधल्या व्हाल्देरामा मैदानावर लाहिरीचा शेवटच्या होलवरचा छोटा फटका हुकला. मग प्लेऑफच्या दुसऱ्या होलवर सर्जिओ गार्सियाने त्याला हरवलं.

आणि चौरसिया? रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा हा मुलगा. बॅगा वाहता वाहता खेळ शिकला. हिरवळीजवळच्या त्याच्या हातखंडा फटक्यांमुळे सहकाऱ्यांनी त्याचं नाव 'चिपपुटसिया' पाडलं होतं. 2015 च्या त्या संध्याकाळनंतर इंडियन ओपनमध्ये तो चार वेळा उपविजेता झालेला होता.

पुढच्या वर्षी तो पुन्हा दिल्ली गोल्फ क्लबवर आला आणि जिंकला. दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत असलेल्या दोघांपैकी एक होता लाहिरी, दोन फटके मागे. 2017 मध्ये चौरसियाने इंडियन ओपन सलग दुसऱ्यांदा जिंकली. या वेळी फरक होता सात फटक्यांचा.