इंजिन काय सांगते आहे?

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग धाराशिव जिल्ह्यातील उमरग्यावरून जातो. या रस्त्याने रात्रंदिवस वाहने धावत असतात. आणि जेथे वाहने, तेथे गॅरेजे आलीच. अशा एखाद्या गॅरेजपाशी थोडा वेळ थांबलात, तर एक मौजेची गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. चांगला मिस्त्री गाडी आली की लगेच पाना हाती घेत नाही. तो आधी प्रश्न विचारतो आणि मग कान देतो.

समजा, तुमच्या काकांची टर्बो बसवलेली डिझेल जीप आहे. उद्या सकाळी आजीला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सोलापूरला न्यायचे आहे. आणि आजच नळदुर्गहून येताना गाडीने नखरे सुरू केले! चढावर ती ओढेना, मागून काळा धूर निघू लागला आणि इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. काका म्हणतात, "मिस्त्री, टर्बो गेला बघा." नवा टर्बो म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. काकांचे म्हणणे खरे आहे का? चला, आपणच तपास करू.

पण त्याआधी हा टर्बो काय करतो, ते पाहू. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे १०,००० लिटर हवा लागते. २०० लिटरची पिंपे मोजली, तर तब्बल ५० पिंपे! म्हणजे इंजिनाची खरी भूक डिझेलपेक्षा हवेचीच अधिक. साधे इंजिन आपल्या दट्ट्यांनी जेवढी हवा ओढता येईल तेवढीच ओढते. तिच्यात अधिक हवा कोंबता आली, तर अधिक डिझेल जाळता येईल आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक ताकद देईल. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने यासाठी एक युक्ती शोधली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे. हे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. यालाच आपण टर्बो म्हणतो.

हा दांडा मिनिटाला दीड लाख फेरेसुद्धा घेतो. म्हणजे सेकंदाला २,५०० फेरे! सेकंदाला २,५०० कंपने झाली, की आपल्याला बारीक, उंच शिट्टी ऐकू येते. म्हणून टर्बोच्या गाडीत थोडी शिट्टी असणे स्वाभाविकच आहे. केवळ शिट्टी ऐकली म्हणून टर्बो बिघडला, असे म्हणता येत नाही. आवाज पूर्वीपेक्षा बदलला का, हे पाहायचे.

आता मिस्त्रीचे प्रश्न ऐका. "मालक, आवाज उभ्या गाडीतही येतो का?" नाही, फक्त चढावर येतो. "ऑइल कमी होतं का?" नाही, पट्टीवर पातळी बरोबर आहे. "धूर निळा की काळा?" काळा.

या तीन उत्तरांत बरेच काही दडलेले आहे. टर्बोचा दांडा वंगणतेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. बेअरिंग झिजले, की दांडा हेलकावे खातो, तेल गळून ज्वलनात मिसळते आणि निळसर धूर निघतो. सायरनसारखा चढता-उतरता आवाजही येतो. ही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नव्हे. तेलाची गळती फार वाढली, तर डिझेलचे इंजिन त्या तेलावरच धावू लागते. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही! हवा कोंडली तरच ते थांबते. पण आपल्या जीपचे तेल कमी झालेले नाही आणि धूरही निळा नाही.

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. डिझेल आहे, पण हवा पुरत नाही! मग हवा कोठे अडली, किंवा कोठे निसटली? सर्वांत स्वस्त तपासणी आधी. मिस्त्रीने हवेची गाळणी काढली. मराठवाड्याच्या काळ्या मातीची धूळ तिच्यात भरली असती, तर इंजिनाचा श्वास कोंडला असता. पण गाळणी स्वच्छ निघाली.

मग इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, त्याने टर्बोचे चक्र बोटाने फिरवले. ते अलगद फिरले. कडेला कोठे घासले नाही. टर्बो निर्दोष!

शेवटी त्याने टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप चाचपला. खालच्या अंगाला तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटलेली. पाइप दाबताच तेथे चीर उघडली. उष्णतेने रबर कडक होऊन फाटले होते. गाडी उभी असताना टर्बोचा दाब नगण्य असतो, म्हणून चीर मिटलेली राहते. चढावर दाब वाढला, की ती उघडते, हवा शिट्टी घालीत निसटते आणि गाडी काळा धूर ओकते. तिन्ही लक्षणांचा एकाच कारणाने उलगडा झाला! नवा पाइप बसवल्यावर मिस्त्रीने गाडी पुन्हा चढावर नेऊन पाहिली. कारण दुरुस्ती खरी की नाही, हे ज्या परिस्थितीत दोष दिसला तेथेच कळते. आजी उद्या सोलापूरला वेळेवर पोहोचणार.

हल्ली नव्या गाड्यांत संगणक असतो. यंत्र जोडले, की तो दोषाचा क्रमांक दाखवतो. पण 'हवेचा दाब कमी' एवढेच कळले, तर दोष गाळणीत, पाइपात की टर्बोत, हे कोण सांगणार? ते माणसालाच शोधावे लागते.

आवाजांची आणखी दोन उदाहरणे लक्षात ठेवा. सकाळी थंड इंजिनात 'फट्‌फट्' आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो; तर धुराड्याच्या सांध्यात फट असू शकते, कारण धातू तापून प्रसरण पावला, की ती फट मिटते. सांध्यापाशी काजळी दिसली, तर शंका पक्की होते. याउलट, इंजिनाच्या तळातून जड 'ठक्‌ठक्' येऊ लागली आणि तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी तत्काळ थांबवायची. पुढे एक किलोमीटरही न्यायची नाही.

टर्बोचे आयुष्य वाढवायचे, तर काकांना एक गोष्ट सांगा: लांबून दमून आलेली गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर सावकाश चालू ठेवा. इंजिन बंद होताच तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल करपते.

मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरतात, ते का? उत्तर घरीच शोधा. टेबलाच्या एका टोकावर टिकटिक करणारे घड्याळ ठेवा आणि दुसऱ्या टोकाला लाकडावर कान टेका. मग कान उचलून ऐका. फरक कळला? मात्र चालू इंजिनाजवळ हा प्रयोग करू नका. पंखा आणि पट्टा क्षणात हात ओढून घेतात. बंद खोलीत इंजिन चालवणेही घातक. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने ओळखता येत नाही.

आता पुढच्या वेळी एखादे यंत्र कुरकुरले, मग ते घरचा पंखा असो की शेतातला पंप, तर घाईने भाग बदलू नका. वहीत लिहा: आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो, आणि त्याबरोबर आणखी काय बदलते? मग एका वेळी एकच गोष्ट तपासा. स्वस्त आणि सोपी ती आधी.