आयफोन : अफवा कोणती व खरें कोणतें ?

शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाइल फोन आतां केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाहीं. सात-बाराचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज व पैशांची देवघेव हीं सर्व कामें त्यावर होतात. अशा वस्तूविषयीं खोटी वार्ता खरी मानून चाललें, तर नुकसान होतें तें आपलेंच. ॲपल कंपनीचा आयफोन सन २००७ च्या जूनमध्यें अमेरिकेंत विक्रीस आला. तेव्हांपासून त्याच्याविषयीं असंख्य वदंता उठल्या. त्यांपैकीं ज्यांचा संबंध आपल्या पैशाशीं पोंचतो, त्यांचा येथें विचार करूं.

जुना फोन मुद्दाम मंद करितात काय ?

नवा नमुना निघाला कीं कंपनी जुने फोन मंद करिते, असा प्रवाद पुष्कळ वर्षें होता. डिसेंबर २०१७ मध्यें कंपनीनेंच कबूल केलें कीं, बॅटरी जीर्ण झालेल्या कांहीं आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरच्या द्वारें कमी केला जातो. जीर्ण बॅटरीस एकाएकीं मोठा विद्युत्प्रवाह देतां येत नाहीं व फोन मध्येंच बंद पडतो. तें टाळण्यासाठीं ही योजना होती, असें तिचें म्हणणें. कारण कांहींही असो, ग्राहकास हें आधीं स्पष्ट सांगितलें नाहीं, हा खरा दोष. जेथें बॅटरी बदलून भागलें असतें, तेथें नवा फोन घेण्याची पाळी येत होती. कंपनीनें क्षमा मागितली, सन २०१८ पुरता बॅटरी बदलण्याचा आकार अमेरिकेंत ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणिला. पुढें फेब्रुवारी २०२० मध्यें फ्रान्सच्या सरकारी खात्यानें तिला अडीच कोटी युरो दंड केला.

आतां ‘सेटिंग्ज’मधील ‘बॅटरी’ या सदरांत बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते. ती ८० च्या खालीं गेली असेल, तर प्रथम बॅटरी बदलण्याचा विचार करावा. बैल थकला म्हणून कोणी गाडी मोडींत काढीत नाहीं.

उन्हाचा परिणाम

३५ अंश सेल्सिअसपेक्षां अधिक उष्णता आयफोनच्या बॅटरीस बाधते व तिची क्षमता कायमची घटूं शकते, असें कंपनी सांगते. विदर्भांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून बांधावर उन्हांत किंवा उभ्या मोटारींत फोन ठेवूं नये.

भिजलेला फोन व तांदूळ

भिजलेला फोन तांदळाच्या पिशवींत ठेविल्यास सुकतो, ही समजूत घरोघरीं आहे. परंतु तांदळाचे बारीक कण आंत शिरून अपाय करूं शकतात, म्हणून कंपनीनें या उपायाची स्पष्ट मनाई केली आहे. चार्जिंगचें भोंक खालीं धरून फोन हलक्या हातानें झटकावा, हवा खेळेल अशा कोरड्या जागीं ठेवावा व निदान अर्धा तास चार्जिंगला लावूं नये. भोंकांत कापूस किंवा कागद खुपसूं नये. विस्तवाजवळहि धरूं नये. सन २०१६ च्या सातव्या नमुन्यापासूनचे आयफोन बहुधा थोडेंफार पाणी सोसतात, परंतु हा गुण वापरानें उणावतो व पाण्यानें झालेली हानि हमींत मोडत नाहीं.

घातक थट्टा

सन २०१३ मध्यें नवें सॉफ्टवेअर भरल्यानें आयफोनला पाण्याचें भय उरत नाहीं, व सन २०१४ मध्यें तो मायक्रोवेव्हच्या भट्टींत ठेवून चार्ज होतो, अशा जाहिराती पसरल्या. दोन्ही कोणा टवाळांनीं रचलेल्या होत्या. मायक्रोवेव्हमध्यें फोन ठेविल्यास तो जळतो, आणि घरालाहि आग लागण्याचें भय असतें.

सर्वच वार्ता खोट्या असतात असें मात्र नाहीं. आयफोनला इतर फोनांसारखें यू.एस.बी.-सी जोडणीचें तोंड येणार, ही वदंता सप्टेंबर २०२३ मध्यें पंधराव्या नमुन्याबरोबर खरी ठरली. बियाणें घेतांना पिशवीवरील मजकूर वाचावा व पेरणीपूर्वीं उगवणशक्ति पाहावी, हा आपला शिरस्ता आहे. मोबाइलवर येणाऱ्या वार्तेसहि तोच लावावा. ती मूळ कोणी सांगितली, कंपनीच्या माहितीपत्रकांत तिला आधार आहे काय, व ती मानल्यास कोणाचा माल खपतो, हें पाहिल्यावांचून खर्च करूं नये व फोनवर प्रयोगहि करूं नये.