किळस एकीकडे, धोका दुसरीकडे

वॉर्डात कुणी उलटी केली की आजूबाजूचे नाकाला रुमाल लावून चार पावलं मागे सरतात. रक्त काढून झाल्यावर सुईला पुन्हा टोपण लावताना मात्र कुणाचा हात अडखळत नाही. हाताला सवय असते म्हणे!

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या बाबतीत घाम, अश्रू, लघवी, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर भीती नगण्य. उलट पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी, छातीत-पोटात साचलेलं पाणी, गर्भजल दिसायला कितीही नितळ असो, ते रक्ताइतक्याच सावधपणे हाताळायचं. पण रक्त दिसत नाही म्हणून लघवी-विष्ठा निर्धोक ठरत नाही; कॉलरा विष्ठेतूनच पसरतो. थुंकीचं गणित आणखी निराळं. क्षयाचे जंतू खोकल्यासरशी हवेत जातात, तिथे हातमोज्यांपेक्षा एन-९५ मास्क आणि उघडी खिडकी कामाला येते.

सुईचे आकडे बोलके आहेत. बाधित रुग्णाला टोचलेली सुई लागली, तर एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. लोक घाबरतात ते मात्र पहिल्याला. शिवाय बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. टेबलाच्या कडेवरचा तपकिरी ठिपका म्हणजे नुसता डाग नव्हे.

हत्यार लागून संसर्ग होणं नवं नाही. १८४७ साली व्हिएन्नात शवविच्छेदन सुरू असताना विद्यार्थ्याची सुरी प्राध्यापक याकोब कोलेच्का यांना लागली आणि त्यातूनच ते दगावले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचून त्यांचे मित्र डॉक्टर सेमेलवाइस यांना बाळंतज्वराचं कोडं उलगडलं, आणि त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले.

आज सुईसाठी पांढरा, सहज न भोसकला जाणारा डबा असतो. तरीही ती कधी प्लास्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीत जाते, आणि ती पिशवी बांधणाऱ्या मावशींच्या बोटात घुसते. अशा वेळी बोट पिळायचं नाही, तोंडातही घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्या २८ दिवस चालतात. हिपॅटायटिस बीची लस मात्र आधीच घेतलेली बरी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती द्यायची आहे, मावशी कंत्राटी असल्या तरी.