गेवेर ८८

गेवेर ८८ ही जर्मन साम्राज्याच्या लष्करात इ.स. १८८८ साली दाखल झालेली, हाताने बोल्ट मागेपुढे करून चालवायची मॅगझिन रायफल होय. तिचा आराखडा एखाद्या कारखानदाराने नव्हे, तर लष्कराच्या रायफल परीक्षण आयोगाने ठरवला. म्हणून तिला ‘आयोग रायफल’ असेही म्हणतात. तिची लांबी सुमारे १२४.५ सेंमी व वजन सुमारे ३.८ किलोग्रॅम असते. जुन्या लष्करी शस्त्रांच्या संग्राहकांत ती परिचित आहे. मात्र नळीच्या मापात वेळोवेळी झालेल्या बदलांमुळे ती हाताळताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

इतिहास

फ्रान्सने इ.स. १८८६ मध्ये धूरविरहित दारूवर चालणारी लेबेल रायफल स्वीकारली. त्यामुळे काळ्या दारूची ११ मिमी काडतुसे वापरणारी जर्मनीची माउझर ७१/८४ रायफल कालबाह्य ठरली. आयोगाने अल्पावधीत नवे ७.९२ मिमी काडतूस व नवी रायफल सिद्ध केली. श्पान्डाउ, डान्झिग, एरफुर्ट व आम्बेर्ग येथील सरकारी शस्त्रागारे आणि बर्लिनची लुडविग ल्योव्ह कंपनी, ऑस्ट्रियातील श्टायर इत्यादी खाजगी कारखान्यांत तिचे उत्पादन झाले.

सुरुवातीच्या काळात नळ्या फुटण्याच्या तक्रारी आल्या. त्यांचे निमित्त करून हेर्मान आल्वार्ट या ज्यूद्वेष्ट्या राजकारण्याने इ.स. १८९२ मध्ये, ज्यू मालकीच्या ल्योव्ह कंपनीने मुद्दाम सदोष रायफली पुरवल्याचा आरोप केला. हा आरोप खोटा ठरून त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. इ.स. १८९८ मध्ये स्वीकारलेल्या गेवेर ९८ ने पुढे या रायफलीची जागा घेतली. तरीही पहिल्या महायुद्धात जर्मनी व ऑटोमन साम्राज्याने ती वापरली. चीनमध्ये हानयांग येथे तिची प्रतिकृती विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापर्यंत बनत होती.

रचना

पाच काडतुसे धातूच्या क्लिपसह मॅगझिनमध्ये भरली जात. शेवटचे काडतूस नळीत गेले की रिकामी क्लिप तळाच्या छिद्रातून खाली पडे. क्लिप नसल्यास एकेक काडतूस हाताने भरावे लागते. नळीभोवती पातळ पोलादी आवरण असते. नळी लाकडी दस्त्याला टेकू नये हा त्याचा हेतू होता. परंतु नळी व आवरण यांच्यामधील पोकळीत पाणी साचून आतून गंज चढतो व तो बाहेरून दिसत नाही. पुढे काही रायफलींत पट्टी-क्लिपने भरण्याची सोय करून तळाचे छिद्र झाकण्यात आले. असे बदल केलेला एक प्रकार ८८/०५ या नावाने ओळखला जातो.

नळीचे माप व खुणा

मूळ काडतुसातील गोल टोकाच्या गोळीचा व्यास सुमारे ८.०८ मिमी होता. इ.स. १९०३ च्या टोकदार ‘एस’ गोळीचा व्यास सुमारे ८.२ मिमी असून तिच्या काडतुसात दाबही अधिक निर्माण होतो. दोन्ही काडतुसांची कवचे जवळजवळ सारखीच असल्याने चुकीचे काडतूसही रायफलीत बसू शकते. अरुंद नळीतून जाड गोळी रेटली गेल्यास दाब धोकादायक पातळीवर जातो. शिवाय कवच फाटल्यास वायू बोल्टच्या बाजूने मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो.

नळीमागील पोलादी भागावर ‘झेड’ हे अक्षर असल्यास नळीतील आटे अधिक खोल कोरलेले असतात. ‘एस’ हे अक्षर नव्या काडतुसासाठी कक्ष रुंद केल्याचे दर्शवते. त्यावरून नळीच्या आतील व्यासाची खात्री होत नाही. म्हणून केवळ खुणेवर न विसंबता जाणकार बंदूक कारागिराकडून नळी प्रत्यक्ष मोजून घेतली जाते.

संग्रह व हाताळणी

रायफल हाती घेताच बोल्ट उघडून कक्ष व मॅगझिन रिकामे असल्याचे पाहणे हा पहिला नियम होय. बोल्टचे पुढील डोके सुटे असते. बोल्ट बाहेर काढल्यावर ते निसटून हरवू शकते. सर्व भागांवरील क्रमांक जुळत असल्यास रायफलीचे मूल्य वाढते. दस्ता घासल्याने किंवा पोलादावर नवा रंग चढवल्याने मूळ शिक्के पुसले जातात व मूल्य घटते.

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार इ.स. १८९८ पर्यंत निर्मित बंदुका ‘पुरातन’ गणल्या जातात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार केवळ जुनेपणामुळे सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या पुरातन शस्त्रांनाच ती लागू होते.