इलेक्ट्रिक पिकअपची रेंज खाते ती हवा

तर मंडळी, अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच श्रोत्यांचा प्रश्न होता: इलेक्ट्रिक पिकअप रोजच्या वापरात कशी पडते? फोर्डची एफ-150 लायटनिंग घेऊ. 2022 साली आली. मोठ्या बॅटरीत 131 युनिट वीज मावते, सरकारी चाचणीतली रेंज 320 मैल, म्हणजे साधारण 515 किलोमीटर. युनिटला चार किलोमीटर धरा. पण मागे उंच, चौकोनी ट्रेलर जोडला की हीच रेंज जवळपास निम्मी!

आपल्याला वाटतं, वजनामुळे. पण सपाट हायवेवर वजन फारसं खात नाही. चढावर खातं, आणि उतारावर मोटर त्यातली थोडी वीज परतही देते. हवेला दिलेलं मात्र गेलंच. त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी 100 चे 120 केलेत की 44 टक्के जास्त. त्यामुळे आधी स्पीड कमी करा, बॅटरीला शिव्या नंतर.

दुसरी भानगड चार्जरची. बरेच फास्ट चार्जर कारच्या पार्किंगसारखे आखलेत. म्हणजे ट्रेलर सोडा, बाजूला लावा, चार्ज करा, परत जोडा. पावसात करून बघा! आरपार निघता येईल असा चार्जर मॅपवर आधीच शोधलेला बरा.

आणि घरी? तिथलं साधं सॉकेट 120 व्होल्टचं. त्यावर रिकामी बॅटरी भरायला चारेक दिवस. (आपला गीझरचा पॉइंट याहून दांडगा!) भाड्याने राहत असाल तर ट्रक बघायच्या आधी घरमालकाला विचारा, 240 व्होल्टची लाइन टाकू देणार का. तो नाही म्हणाला तर सगळं गणित बाहेरच्या चार्जिंगच्या दरावर येतं.