अजब बंगल्यातली न दिसणारी वस्तू: कागद

नागपूरचा अजब बंगला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत बघितला असेल. सिव्हिल लाइन्समधलं १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय हो! पेंढा भरलेले प्राणी, मूर्ती, शिलालेख, हत्यारं. आज मात्र आपण काचेमागच्या वस्तूंवर नाही, त्यांच्या कागदांवर बोलणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला गुरं राखणाऱ्या मुलांना जमिनीत तांबं दिसलं. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या, चांदीच्या १०२. हा साठा पुढे वाटला गेला. काही नागपूरला राहिल्या, काही पार लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. सगळं एकत्र मिळालं होतं हे आज कशावरून कळतं? तेव्हा कोणीतरी मोजून लिहून ठेवलं म्हणून. ती नोंद नसती, तर कपाटातली कुऱ्हाड म्हणजे तांब्याचा एक जुना तुकडा, बस. कुठली, कशासोबत सापडली, काहीच सांगता येणार नाही. संग्रहालयाच्या नोंदवहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो तो याचसाठी. वस्तूवरचा क्रमांक पुसला किंवा वहीचं पान वाळवीनं खाल्लं, की वस्तू असते पण तिची ओळख जाते.

आता हिस्लॉप. कॉलेजचं नाव माहितीच आहे. हे स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, पण खडक, जीवाश्म, गोंडांची भाषा, सगळ्यातच रमायचे. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिलावर्तुळं बघायला गेले आणि पुराच्या नाल्यात वाहून गेले. माणूस गेला, टिपणं राहिली. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये छापली. त्यात एका परधानानं सांगितलेलं लिंगोचं गोंडी गीतही आहे. टिपणं रद्दीत गेली असती तर? मला तर हाच भाग सगळ्यात थरारक वाटतो.

एक गफलत नेहमी होते. संग्रहालय वस्तू सांभाळतं. सरकारी दप्तरं सांभाळतं ते अभिलेखागार, आणि राज्याच्या पुराभिलेख खात्याची शाखा नागपुरातही आहे. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या कागदांचे निवडक खंड तर १९५० च्या दशकात छापूनही आलेत. त्यातच १९५६ ला राजधानी भोपाळला गेली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर इकडे आलं. म्हणजे गाव एका राज्यात, तिथली कुऱ्हाड दुसऱ्या राज्यात!

जायचं असेल तर आधी चौकशी करा, ओळखपत्र न्या. अशा वाचनकक्षांत सहसा पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा. आणि भोसलेकालीन मराठी कागद बघायचे असतील तर मोडी शिकूनच जा, नाहीतर आपलीच भाषा समोर असून एक ओळ लागायची नाही.