झटपट डाव खेळून बुद्धिबळ सुधारते का?

बुद्धिबळाच्या स्पर्धांना जाणाऱ्या मुलामुलींत एक वाद नेहमी ऐकू येतो. काहींचे म्हणणे असे की, तीन-तीन, पाच-पाच मिनिटांचे डाव भरपूर खेळावेत. त्याने हात बसतो, नजर तयार होते. त्यांचे शिक्षक मात्र घड्याळ कपाटात कुलूपबंद करून ठेवतात. त्यांच्या मते अशा खेळाने विचार करण्याची सवयच मोडते. शाळेचा अभ्यास सांभाळून तुमच्याजवळ दिवसाला जेमतेम एक तास उरत असेल, तर तो कोठे घालवायचा हा प्रश्न काही लहान नाही. मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिबळपटूंवर पुष्कळ प्रयोग केलेले आहेत. त्यांच्या आधारे या वादाचा निवाडा होतो का, ते पाहू या.

प्रथम थोडा हिशेब. डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यात २०२४ साली सिंगापूरला झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकाला १२० मिनिटे होती. म्हणजे चालीमागे सरासरी ३ मिनिटे. अतिजलद ऊर्फ ब्लिट्झ प्रकारात बहुधा डावाला ३ मिनिटे आणि दर चालीला २ सेकंद जादा मिळतात. चाळीस चालींसाठी १८० अधिक ८०, असे २६० सेकंद झाले. चालीमागे साडेसहा सेकंद. एवढ्यात मोहरे उचलायचे, ठेवायचे, घड्याळ दाबायचे आणि शिवाय विचारही करायचा! तरीसुद्धा निष्णात खेळाडू या साडेसहा सेकंदांत ज्या चाली शोधतात त्या पाहून आपण थक्क होतो. हे त्यांना कसे जमते?

याचे उत्तर शोधण्याच्या दृष्टीने १९७३ साली अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठातले विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. (चेस हे आडनाव आहे, त्याचा खेळाशी संबंध नाही.) खऱ्या डावातील एक स्थिती खेळाडूला फक्त ५ सेकंद दाखवायची, मग झाकायची आणि दुसऱ्या पटावर ती आठवून मांडायला सांगायची. मास्टर दर्जाच्या खेळाडूने सुमारे १६ मोहरी अचूक मांडली, मध्यम खेळाडूने ८, नवख्याने ४. मास्टरची स्मरणशक्ती अफाट असते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा मास्टरची आघाडी नाहीशी झाली! मास्टर एकेक मोहरे लक्षात ठेवत नाही. किल्लेकोट केलेला राजा, त्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा हत्ती हे सगळे मिळून त्याला एकच ‘गठ्ठा’ दिसतो, जसे तुम्ही ‘बुद्धिबळ’ हा शब्द एकेक अक्षर लावत न बसता एका दृष्टिक्षेपात वाचता. अक्षरे वेडीवाकडी मिसळली की ही सोय संपते. अशा हजारो आकृती मास्टरच्या डोक्यात साठलेल्या असतात आणि प्रत्येकीबरोबर ‘येथे काय करावे’ याची सूचनाही चिकटलेली असते.

हा प्रयोग तुम्ही वर्गात सहज करू शकाल. दोन पट, एक चादर आणि सेकंदकाट्याचे घड्याळ एवढेच साहित्य लागते.

आता झटपट खेळाच्या बाजूने काय म्हणता येईल ते पाहा. एका तासात तीन मिनिटांचे सहा-सात डाव होतात, म्हणजे आपल्याच अडीचशेच्या वर चाली. एवढ्या आकृती डोळ्यांखालून जातात, तेव्हा काही ना काही साठणारच. शिवाय ब्रूस बर्न्स या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली ब्लिट्झ स्पर्धांचे निकाल तपासले. खेळाडूंच्या बळात जो फरक असतो त्यापैकी ८१ टक्क्यांपर्यंत फरकाचा उलगडा, नेहमीच्या ५ टक्क्यांहूनही कमी वेळात ते कसे खेळतात यावरून होतो असे त्याला आढळले. थोडक्यात, सावकाश खेळात जो बलवान तो झटपट खेळातही बहुधा बलवानच. बॉबी फिशरने १९७० साली हेर्सेग नोव्ही येथील ब्लिट्झ स्पर्धेत २२ डावांत १९ गुण मिळवले आणि दुसऱ्या आलेल्या मिखाईल तालला साडेचार गुणांनी मागे टाकले.

पण येथे जरा थांबा. यातून झटपट खेळल्यामुळे बळ वाढले असे सिद्ध होत नाही. बळ होते म्हणून झटपट खेळता आले, असेही असू शकेल. आणि फिशरने त्याआधी किती वर्षे एकट्याने पुस्तकांत डोके घातले होते हे सर्वश्रुत आहे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. उलट उदाहरणही समोर आहे. गुकेश जगज्जेता झाला तेव्हा त्याचे ब्लिट्झचे गुणांकन सावकाश खेळाच्या गुणांकनापेक्षा बरेच खाली होते.

दुसऱ्या बाजूचा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. २०१२ साली मॉक्सले, एरिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी खेळाडूंपुढे अवघड स्थिती ठेवल्या आणि त्यांना मोठ्याने बोलत विचार करायला सांगितले. प्रथम सुचलेली चाल आणि पाच मिनिटांनंतर निवडलेली चाल यांची तुलना केली, तेव्हा साध्या खेळाडूंप्रमाणेच निष्णातांचीही नंतरची चाल सरस ठरली. म्हणजे साठवलेल्या आकृती कितीही असोत, त्यांच्यावर विचाराची तपासणी लागतेच.

ती तपासणी का लागते, हे बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे यांच्या २००८ सालच्या प्रयोगावरून फार छान समजते. त्यांनी एक फसवी स्थिती मांडली. तीत वजिराचा बळी देऊन घोड्याने मात करण्याची सुप्रसिद्ध युक्ती होती. राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला जातो ती. तिला पाच चाली लागत. पण त्याच स्थितीत तीन चालींची, कमी परिचित मातही दडलेली होती. चांगल्या खेळाडूंना ओळखीची युक्ती तत्काळ दिसली. ‘याहून छोटा मार्ग आहे का?’ असे विचारल्यावर त्यांनी पुन्हा शोध घेतला आणि नाही म्हणून सांगितले! मग पटात किंचित बदल करून ओळखीची युक्ती निकामी केली, तेव्हा तशाच दर्जाच्या खेळाडूंना छोटा मार्ग सापडला. गंमत पुढेच आहे. खेळाडूंची नजर कोणत्या घरावर आहे हे यंत्राने टिपले जात होते. ‘आम्ही दुसरे मार्ग शोधत आहोत’ असे ते प्रामाणिकपणे सांगत होते, पण त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या युक्तीच्याच घरांकडे वळत होते.

साडेसहा सेकंदांच्या खेळात पहिली कल्पना हाच राजा असतो. तिला प्रश्न विचारायला सवड नसते. त्यातच भर म्हणजे चूक झाली तरी शिक्षा होईलच असे नाही. समोरच्यालाही ती पाहायला वेळ नसतो, किंवा त्याची वेळ संपते आणि तुम्ही हरलेला डाव जिंकता. वाईट चालीला बक्षीस मिळाले की तिचाही ‘गठ्ठा’ इतरांसारखाच डोक्यात जाऊन बसतो. पुन्हा, नियमांप्रमाणे जलद व ब्लिट्झ डावांत चाली लिहून ठेवण्याचे बंधन नसते, त्यामुळे पटावर खेळलेला डाव हवेत विरून जातो. (संगणकावर किंवा फोनवर खेळलेल्या डावाच्या चाली आपोआप जपल्या जातात, पण त्या उघडून पाहतो कोण?)

चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली खेळाडूंना त्यांच्या सरावाचा हिशेब विचारला. ग्रँडमास्टर झालेल्यांनी गंभीर खेळाच्या पहिल्या दहा वर्षांत एकट्याने केलेला अभ्यास सुमारे ५,००० तास भरला. मध्यम खेळाडूंच्या जवळजवळ पाचपट. हे आकडे आठवणीवरून सांगितलेले आहेत, तेव्हा ते काट्याने तोलू नयेत. तरी स्पर्धेत खेळलेल्या तासांपेक्षा एकांतातल्या या तासांशी खेळाच्या दर्जाचे नाते अधिक घट्ट निघाले.

मग शिक्षकांनी घड्याळ कुलपातच ठेवावे काय? तसे मला वाटत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कोनेरू हम्पीविरुद्धचे अंतिम फेरीतले दोन्ही सावकाश डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो जलद डावांत, आणि तोही या प्रकारात दोनदा जगज्जेती ठरलेल्या खेळाडूविरुद्ध. तेव्हा घड्याळाची सवय हवीच. फक्त नवशिक्याने आठवड्यातले बहुतेक तास सावकाश डावांना आणि कोड्यांना द्यावेत, झटपट डाव दोन-तीनच खेळावेत आणि प्रत्येक डावानंतर निदान खेळायला लागला तेवढा वेळ तो पुन्हा मांडण्यात घालवावा. पक्क्या खेळाडूला आपली नवी सुरुवात पारखून पाहायला झटपट डाव उपयोगी पडतात. त्याचा साठा आधीच तयार असतो.

तुम्ही स्वतः कोणत्या गटात मोडता हे पाहायचे असेल, तर पुस्तकातल्या दहा कोड्यांच्या स्थिती मित्राकडून मांडून घ्या. प्रत्येकीसाठी दहा सेकंदांत सुचलेली चाल कागदावर लिहा. मग पूर्ण पाच मिनिटे विचार करून, हवी तर बदलून, दुसरी लिहा आणि शेवटी दोन्ही रकाने उत्तरांशी ताडून पाहा. दोन महिन्यांनी वेगळ्या दहा स्थिती घेऊन हेच करा, आणि कोणत्या रकान्यातली बरोबर उत्तरे वाढली आहेत ते मोजा.